ओलुडेनिझला (तुर्कस्तान) लेकीसोबत पाण्यात कुठे उतरावं?

मृद्गंध: दिवाळीच्या सुट्टीत फेथियेजवळ ओलुडेनिझला चाललोय. सोबत नऊ वर्षांची लेक आणि सासूबाई. लेक तरणतलावात छान पोहते, समुद्रात अजून उतरलेली नाही. माझा अनुभवही तारकर्लीच्या स्नॉर्केलिंगपुरताच. कयाक, पॅरासेलिंग करायचंय, पण निर्धास्त डुंबायला नेमकी जागा कोणती? फोटोंत सगळं पाणी सारखंच निळं दिसतंय.

दर्याकाठ: ताई, तिथे पाणी दोन प्रकारचं आहे. कुमबुर्नू या वाळूच्या दांड्याच्या आतलं लगून, म्हणजे जमिनीने जवळपास वेढलेलं पाणी, वेगळं आणि बाहेरचा बेल्जेकिझ किनारा वेगळा. ओलुडेनिझ म्हणजे तुर्कीत 'मृत समुद्र'. हे नाव पडलं ते आतल्या संथ पाण्यामुळे. लेकीला तिथेच पोहू द्या. आत जायला तिकीट आहे, ते खुशाल काढा. मोटरबोटींना आत बंदी असल्यामुळे कयाक शिकायलाही तीच जागा चांगली.

बेल्जेकिझ उघड्या समुद्रावर आहे. आपल्या पुळणीवर कितीतरी आत गेलं तरी पाणी कमरेपर्यंतच असतं. बेल्जेकिझला मात्र गोट्यांचा तीव्र उतार आहे, चार-पाच पावलांत पाय टेकेनासा होतो. मी भाच्याचा हात धरून गुडघाभर पाण्यात उभा होतो. लाट परतली, पायाखालचे गोटे खळखळत घसरले आणि पोरगं गळ्यापर्यंत बुडालं. हात घट्ट धरला होता म्हणून बरं. तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगत सुटलोय.

अजून एक. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जेमतेमच, त्यामुळे कोकणातली वेळ बघायची सवय तिथे उपयोगाची नाही. वारा बघा. किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत असेल तर रबरी ट्यूब, फुगवलेली गादी असलं काही पाण्यात नेऊच नका. बघता बघता लांब जातं.

मृद्गंध: बापरे, बरं झालं विचारलं. लाइफ जॅकेट इथून नेऊ का?

निळीशाई: लेकीचं नक्की न्या, तिथे तिच्या मापाचं मिळेलच असं नाही. घालून, पट्टे आवळून, खांद्यांपाशी धरून वर ओढून बघा. कानापर्यंत सरकलं तर मोठं आहे. दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलं उत्तम. गोट्यांसाठी रबरी तळाचे पाण्यातले बूटही घ्या, अनवाणी फार बोचतं.

ऑक्टोबरअखेर पाणी पोहण्याजोगं असतं, पण हंगाम सरत आलेला असतो. जीवरक्षक आहे का ते आधी बघा. लाल झेंडा असेल तर उतरायचंच नाही, कितीही पैसे भरलेले असोत.

पॅरासेलिंग बेल्जेकिझवरूनच होतं. शिवाय शेजारच्या १,९६९ मीटर उंच बाबादा डोंगरावरून पॅराग्लायडर येऊन त्याच किनाऱ्यालगत उतरतात, ते लेकीला नक्की दाखवा. सासूबाईंना मात्र लगूनकडे पाइनच्या सावलीत पाण्याजवळची जागा सकाळीच धरून द्या, म्हणजे लेक त्यांच्याही नजरेसमोर राहील.