जाझ पियानोवादक बिल इव्हान्सचा पहिला अल्बम ऐकावा का?

रात्रपाळी: माइल्स डेव्हिसचा काइंड ऑफ ब्लू अल्बम ऐकून इव्हान्सच्या पियानोच्या प्रेमात पडलोय, आता म्हटलं पहिल्यापासून ऐकू, तर १९५६ चा न्यू जाझ कन्सेप्शन्स लावला पण हा तोच माणूस वाटेचना, किती फास्ट वाजवतोय! माझंच काही चुकतंय का?

काळीपांढरी: नाही हो, तेव्हा त्याच्यावर पियानोवाल्या बड पॉवेलची छाप जबरदस्त होती, बीबॉपच, म्हणजे वेगवान जाझच आहे ते सगळं. पण त्यातला वॉल्ट्झ फॉर डेबी ऐकलात का? एकटा पियानो, दीड मिनिटसुद्धा नाही, भाचीसाठी केलेलं, आणि पुढचा अख्खा इव्हान्स त्यात दिसतो.

जुनी तबकडी: आणि ड्रमवर पॉल मोशन आहे बरं का, म्हणजे १९६१ च्या व्हिलेज व्हँगार्डवाल्या (न्यूयॉर्कचा जाझ क्लब) त्रिकूटातले दोघं, इव्हान्स आणि मोशन, इथेच भेटतात, फक्त बेसवर स्कॉट लाफारोऐवजी टेडी कोटिक. तो मात्र गपगुमान ठेका धरून बसतो, लाफारोसारखा मध्येमध्ये बोलत नाही.

रात्रपाळी: डेबी आत्ताच ऐकलं. तीनदा. बाकीचा उद्या.

काळीपांढरी: मग त्यानंतर थेट त्याचा पुढचा अल्बम एव्हरीबडी डिग्ज लावा, त्यातलं पीस पीस रात्रीच ऐका.