लिथियम सेल: सेपरेटर जाड केल्याने शॉर्ट टळेल का?

ॲनोडकट्टा: पॉवर बँकेसाठी १८६५० सेलचा (१८ मिमी व्यास, ६५ मिमी लांबीचा दंडगोल) आराखडा करतोय. सध्या १६ मायक्रॉनचा पॉलिएथिलीन सेपरेटर (दोन इलेक्ट्रोड वेगळे ठेवणारी सच्छिद्र फिल्म) आहे. २५ मायक्रॉनचा घ्यावा का?

पातळफिल्म: नको. सेलमध्ये गुंडाळीचे वेढे कमी बसतात, क्षमता घटते, रोध वाढतो. पॉलिएथिलीन १३० ते १३५ अंशांना वितळून छिद्रं बुजतात आणि आयनांची वाट बंद होते. हे हवंच आहे. खरा धोका त्यापुढे. तापमान चढतच राहिलं तर फिल्म आकसते आणि कडेला इलेक्ट्रोड भिडतात, मग जाडीचा उपयोग उरत नाही. १६ मायक्रॉनच ठेवून कॅथोडच्या (धन इलेक्ट्रोडच्या) बाजूला २-३ मायक्रॉन ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियम ऑक्साइड) लेप द्या, म्हणजे फिल्म कमी आकसते. मात्र ॲल्युमिना ओल धरतो, म्हणून इलेक्ट्रोलाइट भरण्याआधी निर्वातात नीट वाळवा. पाणी राहिलं तर हायड्रोफ्लोरिक आम्ल बनतं.

कडातपासनीस: लेपाआधी कडा बघा. ॲनोड (ऋण इलेक्ट्रोड) कॅथोडपेक्षा प्रत्येक बाजूला अर्धा ते एक मिमी रुंद हवा, नाहीतर कडेला लिथियम धातू साचतो. सेपरेटर दोघांहून रुंद. टॅबच्या (इलेक्ट्रोडला जोडलेली धातूची पट्टी) वेल्डवर इन्सुलेशन टेप विसरू नका. २०१६ मध्ये सॅमसंगच्या गॅलक्सी नोट ७ फोनच्या एका पुरवठादाराच्या सेलमध्ये धन टॅबवरचे वेल्डचे टोकदार उंचवटेच आतल्या शॉर्टला कारण ठरले.

ॲनोडकट्टा: लेप टिकतो का, हे कसं तपासू?

पातळफिल्म: १० सेंमीचा चौकोन कापा, दोन कागदांत सैल ठेवा, १३० अंशांना १ तास. लांबी आणि रुंदी दोन्ही मोजा. फिल्म बनवताना ती ज्या दिशेने ओढतात, त्या दिशेने आकसणं जास्त असतं. तुलनेसाठी बिनलेपाचा तुकडा शेजारी ठेवा.