‘निचिजो’त हसायचं नेमकं कुठे?

पुणेरी_चष्मा: धाकट्या बहिणीने हट्टाने ‘निचिजो’ या जपानी अ‍ॅनिमे मालिकेचे काही भाग दाखवले. ती हसून हसून लोळत होती आणि मी आपला ‘बरं, मग?’ म्हणून बसलेलो. शाळेतल्या तीन पोरी, पाठीत चावी असलेली रोबो मुलगी, बोलणारं मांजर. गोष्ट अशी काही नाहीच. डब्यातलं सॉसेज पडतं, त्यावर एवढा वेळ? नुसता आरडाओरडा म्हणजे विनोद का? टोमणा नाही, खरंच विचारतोय.

विंगेतला: हरणाचा प्रसंग कानांनी बघा. गृहपाठ केला नाही म्हणून त्या तिघींपैकी युको वर्गाबाहेर उभी आहे. खिडकीतून दिसतं की मुख्याध्यापक हरणाशी झुंजतायत, थेट कुस्तीतला डाव टाकून. क्योटो अ‍ॅनिमेशनने २०११ मध्ये २६ भागांची ही मालिका केली, तेव्हा असल्या फालतूपणावर युद्धपटाला घ्यावी तेवढी मेहनत घेतली. युजी नोमींचं संगीतही चुकूनसुद्धा ‘गंमत आहे बरं’ म्हणून डोळा मारत नाही. बरं, अख्ख्या शाळेत साक्षीदार ती एकटी. सांगणार कुणाला?

मी हौशी नाटकांना साउंड देतो. एका एकांकिकेत बशी फुटायची. दिग्दर्शक म्हणाले, ‘टुंईं’ असं काहीतरी वाजव. वाजवलं. प्रेक्षक ढिम्म. पुढच्या प्रयोगाला मी न विचारता सारंगी लावली, घरातलं माणूस गेल्यासारखी. काम करणारी बाई हुशार, ती तुकड्यांकडे बघत तशीच उभी राहिली. तिसऱ्या रांगेत एक आजोबा खुसखुसले आणि मग सगळं थिएटर. (दिग्दर्शक आठवडाभर बोलले नाहीत.) सॉसेजचंही तेच. ते स्लो मोशनमध्ये पडतं, कारण युकोसाठी त्या क्षणी जगात दुसरं काही उरलेलंच नाही.

माईची_फॅन: ओरडण्याचं म्हणाल तर जपानी मान्झाईत, म्हणजे तिथल्या जोडीने करायच्या विनोदी कार्यक्रमात, दोघं असतात. बोके म्हणजे येडपटासारखं बोलणारा, त्सुक्कोमी म्हणजे त्याला जागच्या जागी झापणारा. तिघींतली मिओ ओरडते ती त्सुक्कोमी म्हणून. पण खरी बिलंदर तिसरी, माई! युको जीव तोडून विनोद करते आणि ही पुस्तकातून मान वर काढत नाही. बहिणीला विचारा, ती मिओला हसली की माईला.

रोलकेक: आणि ती रोबो मुलगी, नानो? तिच्या हातातून रोलकेक निघतो, तशी सोय तिला बनवणाऱ्या त्या पोरसवदा शास्त्रज्ञ हाकासेनेच करून ठेवलीय. बिचारीला काळजी एकच, पाठीवरची चावी वर्गात कुणाला दिसू नये. मला तर तिची दयाच येते, आणि तरी हसतो.

पुणेरी_चष्मा: माईला. विचारलं.

काल हरणाचा प्रसंग मोठ्या आवाजात लावला. स्वयंपाकघरातून आई ओरडली, “कसलं युद्ध चाललंय रे?” म्हटलं, “हेडमास्तरांचं. हरणाशी.” हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, “मागे घे, पहिल्यापासून दाखव.”