मदत हवी आहे: बागेतल्या रेल्वेचे डीसीसी सांधे
मंडळी, बागेत मॉडेल रेल्वेचा ४५ मिमी गेजचा (रुळांमधलं अंतर) जी-स्केल ट्रॅक आहे. चार सांध्यांना (गाडीचा रूळ बदलणाऱ्या पॉइंट्सना) दोन वायरींच्या मोटरी लावून त्या एका डीसीसी (रुळांतून डिजिटल आदेश पाठवायची पद्धत) डिकोडरला, म्हणजे ते आदेश ओळखून मोटर फिरवणाऱ्या सर्किटला, जोडल्या आहेत. पत्ते १ ते ४ दिलेत, पण कंट्रोलरवर १ दाबलं की काहीच हलत नाही. ५ दाबलं की पहिला सांधा फिरतो! बरोबर चारचाच फरक. हे कंट्रोलरमध्ये सुधारावं की डिकोडरच्या सीव्ही (पत्ता साठवणाऱ्या सेटिंग) १ आणि ९ मध्ये?

खरी काळजी पुढची आहे. या मोटरींना क्षणभराचाच पल्स चालतो, सलग करंट गेला तर कॉइल जळते. शेवटचा सांधा मात्र अर्ध्यावरच थांबतो. पात्यांत खडी अडकलेली नाही, तिथपर्यंतची वायर लांब आणि बारीक आहे. पल्सची वेळ वाढवू की जाड वायर टाकू? पावसाळ्याआधी काम उरकायचंय, कुणी केलं असेल तर कृपया सांगा.