रेग्युलेटरचे पार्ट 'तुमच्या देशात पाठवत नाही': ही सुरक्षितता आहे की दरांची राखण?

तळगाठ_पुणे
मंडळी, विषय थोड्या लोकांचा आहे पण महत्त्वाचा आहे म्हणून मांडतोय. ज्यांच्याकडे स्वतःचा स्कूबा रेग्युलेटर (पाण्याखाली टाकीतली हवा श्वासाला योग्य दाबाने देणारं यंत्र) आहे त्यांना हा अनुभव असेलच. युरोपातल्या एखाद्या ऑनलाइन दुकानात मोठ्या ब्रँडचा फर्स्ट स्टेज (रेग्युलेटरचा टाकीला जोडायचा भाग) निवडायचा, कार्टमध्ये टाकायचा, पत्ता भारताचा किंवा अमेरिकेचा दिला की लगेच 'हा ब्रँड या देशात पाठवता येत नाही' असं येतं. दुकानदाराला विकायचं असतं, आपल्याला घ्यायचं असतं, पण कंपनीने डीलरशी जो करार केलेला असतो त्यात कुणी कुठल्या देशात विकायचं ते ठरवून टाकलेलं असतं.

बरं, अख्खा रेग्युलेटर एकवेळ सोडा, माझं खरं दुखणं पार्टचं आहे. सर्व्हिस किट म्हणजे असतं काय तर काही ओ-रिंग (रबरी सील), एक एचपी सीट (टाकीकडची जास्त दाबाची हवा अडवणारा छोटा तुकडा), एक एलपी सीट (तसाच कमी दाबाकडचा), फिल्टर, संपलं. त्यातल्या बऱ्याच ओ-रिंग ठरलेल्या स्टँडर्ड मापाच्या असतात आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीटला सीलच्या दुकानात मिळून जातात. अडतं ते एचपी सीटवर, कारण ती त्या त्या कंपनीचीच लागते आणि ती कंपनी फक्त अधिकृत डीलरला देते. म्हणजे चाळीस-पन्नास हजार रुपये घालून वस्तू माझी झाली, पण तिच्या पोटातला बोटाच्या पेराएवढा तुकडा मला विकत मिळणार नाही, आणि माझ्या देशात डीलरने तो मागवला नसेल तर वस्तू पडून राहणार.

कारण नेहमी एकच सांगतात, 'हे लाइफ सपोर्ट आहे.' मान्य, आहेच. पण मग तोच पार्ट एका देशात सुरक्षित आणि दुसऱ्या देशात पाठवला की धोक्याचा, हे कसं? पार्ट कुणाच्या हातात जातो यावर बंधन असेल तर समजू शकतो. पार्ट कुठल्या देशात जातो यावर बंधन असेल तर ते दर सांभाळण्यासाठी आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

खोलपाणी
तुमच्याशी पूर्ण असहमत. मी बरीच वर्षं डायव्हिंग शिकवतो आणि लोकांनी घरी उघडलेले रेग्युलेटर माझ्यासमोर येतात म्हणून कळकळीने लिहितोय.

टाकीत २०० बार प्रेशर असतं, फर्स्ट स्टेज ते खाली आणून भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण ९-१० बार जास्त ठेवतो आणि मग सेकंड स्टेज, म्हणजे तोंडात धरायचा भाग, तुम्हाला श्वासाच्या दाबाला हवा देतो. एचपी सीटवर एक बारीक ओरखडा असला की मधलं प्रेशर हळूहळू चढत राहतं, त्याला आम्ही क्रीप म्हणतो, आणि सेकंड स्टेज फ्री फ्लो व्हायला लागतो, म्हणजे हवा आपोआप वाहत राहते. ३० मीटरवर जोरात फ्री फ्लो झाला तर भरलेली टाकी दोन-तीन मिनिटांत रिकामी होऊ शकते. यूट्यूबवर व्हिडिओ बघून सर्कलिप काढायला निघालेल्या माणसाकडे प्रेशर गेज असतो का? टॉर्क रेंच असतो का? पिस्टन बाहेर काढताना त्याच्या कडेला स्क्रूड्रायव्हर लागला हे त्याला कळतं तरी का?

आणि ग्रीस. ४० टक्क्यांच्या वर ऑक्सिजनसाठी वापरायच्या रेग्युलेटरला कुणी साधं सिलिकॉन ग्रीस लावलं तर हाय प्रेशर ऑक्सिजनमध्ये आग लागू शकते. हे सगळं कंपनीचा ट्रेनिंग घेतलेला माणूसच करू शकतो, म्हणून पार्ट त्याच्याकडेच गेले पाहिजेत. तुम्हाला अडचण होते हे खरं आहे पण तेवढ्यासाठी नियम ढिला करू नये.

तळगाठ_पुणे
@खोलपाणी सर, तुम्ही जे लिहिलंत ते सगळं 'कोण' याबद्दल आहे, 'कुठे' याबद्दल एक ओळही नाही. क्रीप बघायला इंटरमीडिएट प्रेशर गेज (ते मधलं प्रेशर मोजणारा) लागतो, तो कुणालाही विकत मिळतो, बीसीडीच्या (अंगावरच्या हवेच्या जॅकेटच्या) होजला जोडला की काटा चढतोय की थांबलाय ते दिसतं. आणि आजचे बहुतेक सेकंड स्टेज असेच बनवलेले आहेत की बिघाड झाला तर हवा बंद न पडता वाहत राहते, म्हणजे दोष बोटीवरच शिट्टीसारखा ऐकू येण्याची शक्यता जास्त. धोका शून्य आहे असं मी म्हणत नाही. पण शिकता येणारं काम आहे, मंत्रविद्या नाही.

देवबाग_बोट
मी मालवणात डायव्हिंगचा धंदा करतो. खरां सांगायचां तर तुम्हा दोघांचं भांडण आमच्यासाठी फार लांबचं आहे.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास सीझनमध्ये एक एक सेट दिवसात कितीतरी पर्यटकांच्या तोंडात जातो, वाळू, खारं पाणी, ऊन, सगळं खातो. पावसाळ्यात पाणी बंद असतं तेव्हाच आम्हाला सर्व्हिसिंग करायला वेळ. सेट कुरिअरने बाहेर पाठवायचे आणि मग वाट बघत बसायची. आमच्या एका ब्रँडच्या इथल्या वितरकाकडे किटच आलं नाही, सीझन सुरू झाला तरी सेट तिकडेच. परदेशातल्या दुकानात तेच किट दिसत होतं, त्याला मेल केला तर म्हणाला इंडियाला देता येणार नाही, तुमच्या वितरकाला विचारा. वितरकाला विचारलं तर म्हणाला कंपनीकडून येत नाही. मग करायचं काय?

आता सांगतो लोक काय करतात. काही जण सर्व्हिसिंग लांबवतात. काही जण चायनाचं मिळतंजुळतं किट ऑनलाइन मागवून टाकतात. काही जण एका मेलेल्या सेटमधली सीट दुसऱ्या सेटला लावतात. आमच्याकडे तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा संस्था आहे, पोरं शिकून तयार होतायत, हात चांगला आहे, पण पार्टच नाही तर हाताचा काय उपयोग? @खोलपाणी साहेब, तुमच्या नियमाने पर्यटक सुरक्षित होत नाही हो, जुन्या सीटवर खाली जातो.

निळावंती
+१ देवबाग. हे कुणीच बोलत नाही.

म्युनिकवासी
इकडून थोडी वेगळी बाजू. देशानुसार फरक करायला काही वेळा खरंच तांत्रिक कारण असतं, सगळं दरावर ढकलू नका. युरोपात रेग्युलेटर हे पीपीई (वैयक्तिक संरक्षक साधनं) नियमांखाली सगळ्यात कडक वर्गात येतं, सीई मार्क आणि ईएन २५० या युरोपियन स्टँडर्डची टेस्ट लागते. त्या टेस्टमध्ये ५० मीटरच्या दाबाला श्वास देता येतो का ते बघतात, थंड पाण्यात गोठतो का ते बघतात, आणि थंडीची टेस्ट पास नसेल तर '१० अंशांच्या वर' असा शिक्का मारावा लागतो. आमच्याकडे हिवाळ्यात तळ्यात ४ अंश पाणी असतं, तिथे गरम पाण्यासाठी बनवलेला अनसील्ड पिस्टनवाला (आत पाणी शिरू देणारा) फर्स्ट स्टेज घेऊन कुणी गेला तर आतमध्ये बर्फ धरून फ्री फ्लो होऊ शकतो. नायट्रॉक्सचंही (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेचंही) तेच, युरोपच्या स्टँडर्डमध्ये त्याला वेगळं एम२६ फिटिंग आहे, अमेरिकेत ४० टक्क्यांपर्यंत साधाच सेट चालवतात.

तेव्हा दुसऱ्या खंडातला सेट इकडे विकायला बंदी असेल तर ती मला पटते. पण उलटी दिशा? युरोपची टेस्ट पास झालेला सेट भारतात पाठवायला कुठलं तांत्रिक कारण आड येतं? अरबी समुद्र २७-२८ अंशांचा, तिथे तो जास्तच सुरक्षित. आणि युरोपियन युनियनच्या आत बघा, एका देशातल्या दुकानाने स्वतःहून दुसऱ्या देशात जाहिरात करू नये एवढं कंपनी सांगू शकते, पण गिऱ्हाईक आपणहून आलं तर त्याला विकू नको असं सर्वसाधारणपणे सांगता येत नाही, स्पर्धा कायदा आड येतो. म्हणजे जिथे कायदा आहे तिथे कंपन्या विकू देतात आणि जिथे नाही तिथे सुरक्षितता आठवते. इतकं बोलून थांबतो.

काउंटरपलीकडे
मी डाइव्ह गिअर विकतो, मुंबईत. माझी बाजू कुणी मांडत नाहीये म्हणून लिहितो. अधिकृत डीलर राहायचं तर कंपनी सांगते अमुक माल ठेवा, अमुक टूल घ्या, माणूस ट्रेनिंगला पाठवा. आयात शुल्क भरा, जीएसटी भरा. गिऱ्हाईक येतं, तासभर बसतं, तीन सेट तोंडात धरून बघतं, डीआयएन घेऊ की योक (टाकीला जोडायचे दोन प्रकार) विचारतं, मी सगळं समजावतो, आणि मग परदेशातून भावाच्या बॅगेतून सेट आणवतं. वर वर्षाने माझ्याकडेच सर्व्हिसिंगला. प्रादेशिक बंधन उठलं तर माझं दुकान बंद होईल, आणि भारतात मुळात दुकानं आहेत किती? ती गेली की पार्ट परदेशातून मिळतील हो, पण बसवणारा कोण राहील?

तळगाठ_पुणे
@काउंटरपलीकडे तुमचं म्हणणं मनापासून पटतं आणि तुमच्यासारखी दुकानं टिकावीत असंच मला वाटतं. पण मग सर्व्हिसिंगचे आणि सल्ल्याचे पैसे उघड घ्या, आम्ही देऊ. ते पैसे एचपी सीटच्या कोंडीतून का काढायचे? आणि देवबागवाल्यांना तुमच्या दुकानातून किट मिळालं असतं तर त्यांनी परदेशात मेल केलाच नसता.

कलम_चार
कायद्याचं सांगतो, वकिली करतो, डायव्हिंग करत नाही.

आपल्याकडे ही लढाई गाड्यांच्या बाबतीत झालेली आहे. कार कंपन्या सुटे भाग आणि डायग्नॉस्टिक टूल फक्त आपल्या अधिकृत वर्कशॉपला देतात, बाहेरच्या मेकॅनिकला देत नाहीत, अशी तक्रार स्पर्धा आयोगाकडे गेली. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने १४ कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोकला. कंपन्यांचा बचाव काय होता माहितीये? सुरक्षितता, नकली माल, बाहेरच्या मेकॅनिकला काम येत नाही. म्हणजे वर @खोलपाणी यांनी लिहिलं तेच. आयोगाने तो मानला नाही. पुढे अपिलात २०१६ ला काही कंपन्यांचा दंड कमी झाला पण मूळ निष्कर्ष कायम राहिला. आयोगाचं म्हणणं असं की गाडी एकदा घेतली की तिच्या पार्टच्या बाजारात त्या कंपनीला पर्यायच नसतो, म्हणून प्रत्येक कंपनी आपापल्या पार्टपुरती वर्चस्वाच्या जागी बसलेली असते.

दुसरी गोष्ट, परदेशातून अस्सल माल आणून इथे विकणं हा ट्रेडमार्कचा भंग नाही असं दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठाने २०१२ मध्ये सॅमसंगच्या केसमध्ये सांगितलंय, फक्त कंपनीची वॉरंटी नाही हे दुकानात स्पष्ट लिहायला पाहिजे. तेव्हा भावाच्या बॅगेतला सेट काही गुन्हा नाही.

पण आणणं कायदेशीर आहे याचा अर्थ परदेशातल्या दुकानाने तुम्हाला विकलंच पाहिजे असा होत नाही. तिथे आपला कायदा थेट पोचत नाही. दाद मागायची तर इथल्या वितरकाच्या कराराविरुद्ध मागावी लागेल. ग्राहक मंत्रालयाचं राइट टू रिपेअर पोर्टल २०२२ च्या डिसेंबरात सुरू झालं, त्यात शेती अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि गाड्या हे चार गट घेतले. स्कूबा त्यात बसत नाही.

खोलपाणी
@कलम_चार चांगली माहिती, धन्यवाद. पण गाडी आणि रेग्युलेटर एका तराजूत घालू नका. गाडी बंद पडली तर बाजूला घेता येते.

कलम_चार
ब्रेक फेल झाले तर नाही घेता येत, आणि ब्रेकचे पार्टही त्या आदेशात आलेच.

निळावंती
बरोबर!! शिवाय हौशी डायव्हर हा स्वतःच त्या सेटवर खाली जाणारा असतो, त्याच्याइतकी काळजी कुणाला असणार

तळगाठ_पुणे
मधला रस्ता आहे आणि तो कुणीतरी चालूनही दाखवलाय. अमेरिकेत होग ब्रँडने ठरवलं की आमचा सर्व्हिसिंगचा कोर्स करा, मग गिऱ्हाईक असलात तरी किट घ्या. डीप सिक्सही गिऱ्हाईकांना कोर्स देतात आणि पार्ट विकतात. @खोलपाणी सर, तुमची अट होती की शिकलेल्या माणसाच्याच हातात पार्ट जावेत. मला मान्य, लिहून देतो. मालवणातल्या शिकलेल्या मुलाला कोर्सचं सर्टिफिकेट दाखवून जगातल्या कुठल्याही दुकानातून किट घेता यावं, एवढीच माझी मागणी आहे. याला तुमचा विरोध आहे का, हो की नाही ते सांगा.

देवबाग_बोट
आमची दोन पोरं उद्या कोर्सला बसतील, कोर्स मालवणात किंवा निदान गोव्यात आणा.

खोलपाणी
सर्टिफिकेट खरं असेल, त्या मॉडेलचंच असेल आणि ठराविक वर्षांनी पुन्हा परीक्षा असेल तर विरोध नाही. कंपनीने बंद केलेल्या मॉडेलसाठी तर मी स्वतः हेच मागेन, कारण तिथे अधिकृत टेक्निशियनलाही पार्ट मिळत नाहीत आणि चांगले सेट भंगारात जातात. पण एक प्रश्न उरतो आणि त्याला तुमच्यापैकी कुणी हात घातला नाही. आज सर्व्हिसिंगनंतर काही झालं तर डीलरच्या नावाची पावती असते, त्यावर सिरीअल नंबर असतो, प्रेशरचं रीडिंग असतं, जाब विचारायला पत्ता असतो. परदेशातून किट मागवून मालवणात बसवलं आणि त्या सेटवर पहिल्यांदा पाण्यात उतरलेली नागपूरची एखादी मुलगी १० मीटरवर अडचणीत आली, तर ती पावती कोणाच्या नावाची असेल? @देवबाग_बोट, तुम्ही ती तुमच्या नावाने, रीडिंगसकट, प्रत्येक सेटची लिहून ठेवणार असाल तर सांगा. मग मी तुमच्या बाजूने कंपन्यांना पत्र लिहायला तयार आहे.

देवबाग_बोट
लिहून ठेवणार. वहीचा नमुना पाठवा, या पावसाळ्यापासून सुरू करतो.