घरी बनवलेल्या स्पीकरचा ट्विटर (उंच पट्टीच्या आवाजाचा छोटा स्पीकर) लई टोचायलाय, बदलू का?

पत्र्याखालचा (लातूर)
८ इंची वूफर (जाड आवाजाचा मोठा स्पीकर) अन् सिल्क डोम ट्विटर, दोन्ही ८ ओहमचे, प्लायच्या पेटीत बसवलेत. ट्विटरला खालचा आवाज अडवायला ३.३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, वूफर डायरेक्ट, मधी काहीच नाही. ढोलकी एक नंबर वाजायलीय पण भजनातले टाळ सुरू झाले की कानात सुया टोचायल्यात. एकाच्या सांगण्यावरून ट्विटरला ४ ओहमचा रेझिस्टर सिरीजला टाकला, थोडं कमी झालं पण कर्कशपणा जाईना.

सोल्डरवाला (परभणी)
बदलू नका भाऊ. तेवढ्याच पॉवरवर वूफर ८८ डीबी आवाज देत असला अन् ट्विटर ९२, की ट्विटर चढणारच. पण नुसता सिरीज रेझिस्टर लावला की कपॅसिटरला ८ च्या जागी १२ ओहम दिसतात अन् ६ हजार हर्ट्झचा कट (ज्याच्या खाली ट्विटरचा आवाज उतरत जातो) ४ हजारावर येतो, मग एकदम वरचा आवाज साडेतीन डीबी पडतो पण ३-४ हजारातला, जो खरा टोचतो, तो एक-दीड डीबीच. दोन रेझिस्टर लावा, कपॅसिटरनंतर २.२ ओहम सिरीजला अन् १८ ओहम ट्विटरच्या दोन टोकांवर, ३ डीबी उतरतं. ६ पाहिजे तर ३.९ अन् ८.२. सिमेंटवाले, ५ वॅटचे.

गोदाकाठ (नांदेड)
वर पत्रे खाली शहाबादी फरशी, टाळ टोचणार नाहीत तर काय 😄 समोरच्या भिंतीला जाड गोधडी लटकवून बघा आधी, फुकटात होतंय.

जुना_मेकॅनिक (अंबाजोगाई)
गोधडी ठीक, पण वूफर डायरेक्ट आहे हे कुणी वाचलंच नाही का? वूफरचा मोठा कोन (पडदा) वरच्या फ्रिक्वेन्सीला स्वतःच किंचाळतो. ट्विटरची वायर काढा अन् भजनाची तीच ओळ ऐका.

पत्र्याखालचा
काढली दादा. टाळ बारीक झाले पण बाईच्या आवाजातली किरकिर तशीच!! म्हणजे वूफरच की. वरचा आवाज अडवायला वूफरला कॉइल किती लावू? इथं रेडिमेड भेटना.

जुना_मेकॅनिक
०.३९ मिलिहेन्री, वूफरला सिरीजला, साधारण सव्वातीन हजारापासून उतरायला लागेल. ३.३ चा कपॅसिटर राहू द्या, मधी आवाजात जो खड्डा पडतो तो टोचणाऱ्या जागीच पडतो. मोटार वायंडिंगवाल्याकडून जाड तांब्याची तार घ्या, पोकळ प्लास्टिकच्या रिळावर गुंडाळा, आत लोखंड नको, अन् एलसीआर मीटरवर (कॉइलचे मिलिहेन्री दाखवणारा मीटर) मोजत मोजत वेढे कमी करा. ४ ओहमवाला काढून टाका अन् सोल्डरवाल्यानं सांगितलेले दोन रेझिस्टर कॉइल बसवल्यावरच लावा, कदाचित ३ डीबीवरच भागेल.