कोयना धरणाच्या शिवसागर तलावात लाँचवर राहायचं म्हटलं तर?

मी साताऱ्याचा, नुकताच निवृत्त. बामणोलीत जुनी लोखंडी लाँच बघून ठेवलीय. घरातून एकच अट, आधी संडासाचं बोला. खर्च किती?

– काका, वहिनींचं बरोबर आहे. बंद टाकी बसवा, काठावर आणून उपसा. तलावात सोडायचं नाही, खाली माणसं हेच पाणी पितात. आणि मुक्कामाआधी जलसंपदा खात्याला विचारा.

– आमची लाँच होती. डिझेलपेक्षा लाँच बांधायच्या दोरांनी जास्त पैसे खाल्ले. ऑगस्टात काठोकाठ पाणी, मेमध्ये इतकं उतरतं की लाँच चिखलात बसते. आमची एकदा बसली, पावसापर्यंत तिथंच! पावसाळ्यात सोलर नावालाच. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासाची साधी बॅटरी निम्मीच वापरायची. तेवढ्यावर 40 वॅटचा पंखा 15 तास चालतो. त्यातूनच लाँचच्या तळात साचलेलं पाणी उपसायचा पंपही.

– वहिनींना जुलैत एक रात्र तिथं न्या. मग पैसे मोजा.